बुबुळं

प्रदर्शनाच्या कार्डावर त्यांनी छापलंय:
कराड, शारजा, ग्रिम्सबी.
दोन स्वल्पविरामांत माझी सव्वीस वर्षं.
क्युरेटर पोरगा, रोरी नाव त्याचं, चांगला आहे,
हात मागे बांधून सगळ्या फोटोंसमोरून फिरला
आणि म्हणाला, तुझ्या फोटोंतलं एकही माणूस
कॅमेऱ्याकडे का बघत नाही?
सगळे जरासे बाजूला. हा आखाताचा परिणाम का?

असेल, म्हटलं.
चहा घेऊ.

शारजानं मला सावली शिकवली, हे खरंय.
दुपारी बारा वाजता तिथे भिंतीसुद्धा डोळे मिटतात.
अत्तराच्या बाटल्यांचे फोटो काढायचे मी सहा वर्षं,
काचेत आपण दिसू नये म्हणून काळे कपडे घालून.
कपाटात अजून दुसरा रंग नाही.
आणि इथे, हंबरच्या मुखाशी,
उजेड म्हणजे पिळून वाळत घातलेलं मांजरपाट,
जूनमध्येही ओलसर.
पहिल्या हिवाळ्यात माझे सगळे फोटो
दोन स्टॉप काळे आले.
मला वाटलं मीटर बिघडला.
मीटर ठीक होता.
मीच अजून शारजात उभी होते.

पण डोळ्यांचं म्हणशील तर ते त्याही आधीचं.
कन्याशाळेसमोर, सायकलच्या दुकानावर,
मयूर आर्ट स्टुडिओ. प्रोप्रायटर तात्या, माझे वडील.
लोक यायचे गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन.
कधी तर गेल्यावरच काढलेला,
नाकात कापूस, पापण्या मिटलेल्या.
तेवढे डोळे उघडून द्या, म्हणायचे,
जशी काही खिडकीच.
तात्या शून्य नंबरचा ब्रश ओठांत ओला करायचे
आणि विचारायचे एकच:
घरी आल्यावर पहिलं बघायचा कुणाकडे?
कुणी म्हणे, धाकट्याकडे. कुणी, गोठ्याकडे.
एक बाई म्हणाली, माझ्याकडे तर नाहीच.
त्या अंगाला केसभर सरकवून
तात्या बुबुळ ठेवायचे.
अकराव्या वर्षी मी म्हणाले, हे खोटं आहे.
तात्या म्हणाले, दिवा जरा इकडे धर.

म्हणून तर निघाले मी.
ब्रश नको, रंग नको,
समोर असेल तेवढंच काढायचं,
आणि समोर असेल ते शोधत इतकं लांब.

मागच्या गुरुवारी गोदीजवळच्या स्मोकहाउसमध्ये
टांगलेल्या हॅडॉकच्या रांगांखाली
डोरीन ब्लँचर्डचे हात काढत होते.
पंधराव्या वर्षापासून माशांचे काटे काढून
अंगठा पार एका बाजूला गेलेला.
ओकच्या भुशाचा धूर, आणि त्यात
हायपोचा वास कुठून आला, कळेना.
काम संपल्यावर तिनं एप्रनखालून पाकीट काढलं.
नवरा. लेन.
ट्रॉलर आइसलंडकडे गेला तो गेलाच.
लग्नातला हा एवढा एकच फोटो,
आणि नेमके फ्लॅशला मिटलेले डोळे.
"उघडता येतील का गं तुला?
नात म्हणते, हल्ली होतं."

नाही, हा शब्द जिभेवर तयार होता.
तोंडातून आलं ते दुसरंच:
घरी आल्यावर पहिलं बघायचा कुणाकडे?

डोरीन बराच वेळ गप्प.
वरून तेलाचा एक थेंब भुशात पडला.
दाराकडे, ती म्हणाली.
आत यायचा, बूट काढायचा, आणि परत दाराकडे.

फ्रीमन स्ट्रीटवर शून्य नंबरचा ब्रश मिळेना.
शेवटी नखं रंगवणाऱ्या व्हिएतनामी मुलीनं दिला,
पैसे न घेता.
रोरीला सांगेन, आखातच. कार्ड तर छापून झालंय.
आत्ता रात्रीचे अकरा. टेबलावर लेनची प्रत,
जाड, खरखरीत कागदावर.
ब्रश ओठांत ओला केला. चव ॲसिटोनची.
आणि लक्षात आलं,
दार कुठल्या बाजूला होतं
ते विचारायचं राहिलंच.